टिंगलीची शिडी

सरांच्या निरोप समारंभात एकूण एक वक्त्यानं त्यांना 'हसतमुख व्यक्तिमत्त्व' म्हटलं आणि मी खाली बसून दातओठ खात होते. आपल्याकडे निवृत्त होणारा माणूस कसाही असो, शाल आणि नारळाबरोबर त्याला ठरलेली विशेषणं मिळतात. मनमिळाऊ, हसतमुख, विद्यार्थिप्रिय. अहो, ज्या माणसानं सगळी नोकरी लोकांच्या हसण्यावर पहारा देण्यात घालवली, हसणाऱ्याला भर स्टाफरूममध्ये थांबवून 'हे कुठलं हसणं ते आधी सांगा' असं विचारलं, तो हसतमुख? आणि म्हणणारे कोण, तर ज्यांना सरांनी सगळ्यात जास्त वेळा थांबवलं होतं तेच. एकानं तर भाषणात सरांच्या चालण्याची नक्कलही करून दाखवली. मांडवात हशा पिकला. सर खुर्चीत ताठ बसून त्याच्याकडे पाहत होते आणि मला खात्री आहे, मनातल्या मनात त्याला गुण देत होते.

सर गुण द्यायचे. विद्यार्थी शिक्षकांना नावं ठेवतात, सगळीकडेच ठेवतात. बाकीचे शिक्षक ती ऐकून न ऐकल्यासारखं करतात किंवा कोण म्हणालं त्याचा शोध घेत फिरतात. सर मात्र स्वतःला ठेवलेलं प्रत्येक नाव तपासायचे. एका वर्षी पोरांनी त्यांना 'केळं' म्हणायला सुरुवात केली. सर मूळचे फैजपूरकडचे, घरी केळीच्या बागा, अंगानंही उंच आणि किंचित वाकलेले. त्यांनी वर्गात येऊन फळ्यावर लिहिलं, 'केळं: दहापैकी दोन.' मग वळून म्हणाले, "फैजपूरचा माणूस म्हणून केळं? एवढं तर शेजारच्या शाळेतला दुसरीतला पोरगाही सुचवेल. जरा डोकं चालवा. मी फिरकीला घाबरत नाही, पण आळशीपणाचा मला संताप येतो." पुढच्या आठवड्यात पोरांनी त्यांना 'हसू निरीक्षक' केलं. त्याला त्यांनी सात दिले आणि त्या दिवशी दिवसभर खुशीत होते.

आमचं ज्युनिअर कॉलेज धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण ते सांगितलं की संस्थेचं नाव सांगितल्यासारखंच होतं आणि मग फोन सुरू होतात. मी तिथं अर्थशास्त्र शिकवते. सर इंग्रजी शिकवायचे. स्टाफरूममध्ये वेळापत्रकाचा जो फळा आहे, त्याच्या उजव्या कोपऱ्यात त्यांनी खडूनं एक शिडी काढून ठेवली होती आणि शेजारी लिहिलं होतं, 'पुसू नये'. शिडीच्या पायऱ्यांवर इंग्रजी शब्द होते. सगळ्यात वर टीझ. त्याखाली टॉन्ट, मग मॉक, मग जीअर, मग रिडिक्यूल आणि तळाशी डिराइड. नवीन आलेला प्रत्येक शिक्षक विचारायचा की शिडी वरून खाली का लिहिली आहे. सर सांगायचे, "ही माडीवर चढायची शिडी नाही. विहिरीत उतरायची आहे."

त्या शब्दांचे अर्थ त्यांनी इतक्यांदा सांगितलेत की मला आजही झोपेतून उठवून विचारा. टीझ म्हणजे फिरकी घेणं. ज्याची घेतली तोही हसतो आणि उद्या तो आपली घेऊ शकतो. टॉन्ट म्हणजे टोमणा. तो नेमक्या दुखऱ्या जागी मारायचा असतो आणि समोरच्यानं उसळावं म्हणूनच मारायचा असतो. मॉक म्हणजे वेडावून दाखवणं. त्याला नक्कल लागते. पोरं विचारायची, "सर, मग मॉक टेस्ट म्हणजे परीक्षेला वेडावून दाखवायचं का?" तेव्हा सर टेबलावर थाप मारून म्हणायचे, "शाब्बास! खोटी परीक्षा, नकली परीक्षा. खऱ्या परीक्षेची नक्कल. मूळ तेच आहे." धुळ्याला आम्ही एकदा कुठल्याशा प्रशिक्षणाला गेलो होतो, तिथं ज्यूसच्या दुकानावर 'मॉकटेल' लिहिलेलं पाहून त्यांनी त्या दुकानदाराला रस काढायचा सोडून पाव तास उभं केलं होतं. बिचाऱ्याला शेवटी कळलं की आपण दारूची नक्कल विकतो.

जीअर म्हणजे हुर्यो. तिला जमाव लागतो. एकट्या माणसाला हुर्यो उडवता येत नाही, करून बघा, लाज वाटते. हे पटावं म्हणून त्यांनी अकरावीच्या वर्गात एक रिकामी खुर्ची पुढं ठेवली आणि एकेका पोराला उठवून सांगितलं, उडव हिची हुर्यो. कुणालाच येईना. मग म्हणाले, आता सगळे मिळून. अख्खा वर्ग ओरडला. खाली ऑफिसातून शिपाई धावत वर आला, प्राचार्य आले, आणि पाहतात तर पोरं एका खुर्चीवर तुटून पडली आहेत आणि सर कोपऱ्यात उभे राहून म्हणताहेत, "बघा, खुर्चीनं काही केलंय का तुमचं?" त्या प्रकाराबद्दल सरांना समज देण्यात आली होती. बाकी काय होणार! मन लावून शिकवणाऱ्याला समज द्यायची आणि पुस्तक वाचून दाखवणाऱ्याला आदर्श शिक्षक करायचं, ही आमची परंपराच आहे.

आणि रिडिक्यूल म्हणजे टर उडवणं. इथं माणूस हसण्याची वस्तू होतो. तो हजर असायचीही गरज नसते. डिराइड म्हणजे हेटाळणी, तिच्यात तर हसूही उरत नाही, नुसती तुच्छता उरते. कुणीतरी एकदा विचारलं की सर, सटायर कुठल्या पायरीवर? सर म्हणाले, "ते या शिडीवर नाहीच. सटायर मान वर करून करतात. आपल्यापेक्षा मोठ्यावर. खाली बघून केलं की ते टिंगल होतं, मग कितीही चांगलं लिहा."

मी त्यांना विचारलं होतं की हे सगळं इंग्रजीत कशाला, मराठीत काय शब्द कमी आहेत? त्यावर ते म्हणाले, "मॅडम, शब्द भरपूर आहेत, पण आपण सगळ्यावर 'गंमत केली' एवढं एकच पांघरूण घालतो. कुणाला रडवलं तरी गंमत. परका शब्द वापरताना माणूस क्षणभर थांबतो. तेवढा थांबला तरी माझं काम झालं."

म्हणून मधल्या सुट्टीत डबे उघडले की सरांचा पहारा सुरू व्हायचा. कुणी कुणाच्या टकलावर बोललं, कुणी कुणाच्या बायकोच्या स्वयंपाकावर बोललं, की सरांचा घास हातातच राहायचा. "हे टीझ. चालेल." पुन्हा जेवायला लागायचे. जरा वेळानं, "हा टॉन्ट होता. मागं घ्या." लोक वैतागायचे. घास घशाखाली उतरत नाही यांच्यामुळं, म्हणायचे. मला मात्र गंमत वाटायची, आणि हळूहळू त्या पहाऱ्याची सवय झाली. सर रजेवर असले की स्टाफरूममध्ये कसली कसली बोलणी चालत, ते मी ऐकलेलं आहे.

दर हिवाळ्यात सर आम्हा सगळ्यांना गावी, फैजपूरला भरीत खायला न्यायचे. मळ्यातच काट्याकुट्यांवर वांगी भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, कांद्याची पात, पुऱ्या, केळीच्या पानावर वाढायचं. सरांचा खरा हसरा चेहरा बघायचा तर तिथं. एका वर्षी तिथं आमच्या उपप्राचार्यांनी वाढणाऱ्या म्हाताऱ्या गड्याच्या तोतरेपणाची नक्कल केली. सगळे हसले. सर उठले, उपप्राचार्यांच्या समोरचं भरीत वाढलेलं पान उचललं आणि म्हणाले, "तुमचं जेवण झालं." यजमानानं पाहुण्याचं पान उचलायचं म्हणजे केवढा अपमान!  उपप्राचार्यांनी ते मनात ठेवलं.

लोक म्हणायचे, सरांना लहानपणी कुणीतरी फार चिडवलं असणार, त्याशिवाय माणूस एवढा कडवट होत नाही. मीही एकदा तसं विचारलं. ते माझ्यावरच उखडले. "म्हणजे स्वतःच्या पोटात दुखल्याशिवाय दुसऱ्याचं दुखणं कळतच नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला? मला कुणी काही केलेलं नाही. मला नुसतं दिसतं. तुम्हाला दिसत नाही याचं कारण शोधा." मी पुन्हा विचारलं नाही.

आता भूगोलाच्या मॅडमबद्दल सांगायला हवं, कारण सरांना मी खऱ्या अर्थानं ओळखलं ते त्यांच्या प्रकरणात.

या मॅडम पिंपळनेरकडच्या एका खेड्यातल्या. तासिका तत्त्वावर होत्या, म्हणजे दर वर्षी मे महिन्यात संस्थेच्या अध्यक्षांनी सही केली तर जूनमध्ये नोकरी, नाहीतर नाही. घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच. शिकवायच्या मन लावून. नद्या शिकवताना पोरांना मैदानावर न्यायच्या, उतारावर बादलीभर पाणी ओतायच्या आणि ते कसं फुटतं, कसं मिळतं ते दाखवायच्या. एरवी पुस्तकी मराठी बोलत, पण पाणी वाहायला लागलं की त्यांचं भान सुटायचं आणि घरची अहिराणी बाहेर यायची, 'आहे'च्या जागी 'शे' यायचं. "हाई देखा, हाई तापी शे, आनि हाई आपली पांझरा. समजनं का?" पोरांना समजायचं. का नाही समजणार? दहातल्या आठ पोरांच्या घरी हीच बोली.

आमच्या गॅदरिंगला फिशपॉन्डचा कार्यक्रम असतो. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. ग्रंथालयाबाहेर एक पेटी ठेवतात. कुणीही कुणावरही दोन टोचणाऱ्या ओळी लिहून निनावी चिठ्ठी टाकायची. गॅदरिंगच्या दिवशी त्या चिठ्ठ्या माइकवरून वाचतात. ज्याच्यावर ओळी असतील त्यानं स्टेजवर जायचं आणि ती चिठ्ठी सगळ्यांसमोर हसत हसत स्वीकारायची. शिक्षकही यातून सुटत नाहीत. कार्यक्रमाआधी एक शिक्षक चिठ्ठ्या निवडतो, आणि वर्षानुवर्षं ते काम सरांकडं होतं. ते टेबलावर ढीग करायचे. टीझ असेल ती ठेवायची, बाकी सगळ्या फाडायच्या. त्या वर्षी उपप्राचार्यांनी ते काम काढून घेतलं. म्हणाले, "सर, तुमच्या चाळणीत काही उरतच नाही. पोरांना जरा मोकळेपणा द्या." सरांनी लेखी विरोध नोंदवला. तो कुठल्या फायलीत गेला देव जाणे.

भूगोलाच्या मॅडमचं नाव पुकारलं गेलं तेव्हा त्या माझ्या शेजारीच बसल्या होत्या. निवेदक पोरानं आवाज बारीक केला, मान हलवली, आणि त्यांच्यासारखं बोलत वाचलं:

"भूगोल शे, गोल शे, मॅडमना बठ्ठा झोल शे!"

म्हणजे मॅडमचा सगळाच झोल! मांडव डोक्यावर घेतला पोरांनी. "शे! शे! शे!" मागच्या रांगांतून ताल धरला. मॅडम उठल्या, स्टेजवर गेल्या, हसत चिठ्ठी घेतली, हसत खाली आल्या. आणि मला सगळ्यात जास्त चीड कुणाची आली असेल तर पुढच्या रांगेत सोफ्यावर बसलेल्या आमच्या अध्यक्षांची. त्यांना सगळा तालुका आबा म्हणतो. हेच आबा निवडणुकीत गल्लीबोळात हात जोडून 'काय वं माय, माले वळखस का?' करत फिरतात. मतं मागायला ती बोली गोड, आणि बाई वर्गात बोलली की पोट धरून हसायचं! ती पोरं तरी काय, घरी आईला भाकर मागतात त्याच बोलीत. आपल्याच आईला हसतोय हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. सर मांडवाच्या कडेला उभे होते. ते एकटेच हसत नव्हते. ते तिथून निघून गेले आणि त्या दिवशी पुन्हा कुणाला दिसले नाहीत.

कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढलाच होता. तो फिरला. मग व्हरांड्यातून मॅडम जायला लागल्या की मागून 'शे!' यायचं. वर्गात फळ्याकडं वळल्या की 'शे!' यायचं. त्यांनी मैदानावर जाणं बंद केलं. अहिराणीचा एक शब्द तोंडातून निघू नये म्हणून त्या पुस्तकात बोट ठेवून वाचून दाखवायला लागल्या. उपप्राचार्य व्हरांड्यातून फेऱ्या मारत गोंधळाची नोंद करत होते. सरांनी त्यांना गाठून विचारलं की ती चिठ्ठी वाचायला कुणी दिली, तर उत्तर मिळालं, "अहो सर, खेळीमेळीत घ्या."

मे महिन्यात अध्यक्षांच्या खोलीत नेमणुकांची बैठक झाली. आबा, प्राचार्य, उपप्राचार्य, ज्येष्ठ शिक्षक म्हणून सर, आणि इतिवृत्त लिहायला मी. तासिकांवरचे सगळे शिक्षक बाहेर बाकावर बसले होते. एकेकाचा आदेश आबांसमोर येत होता, आबा सही करत होते. भूगोलाच्या मॅडमचा आदेश आला तेव्हा उपप्राचार्य म्हणाले, "यांच्याबाबतीत विचार करावा लागेल आबा. वर्गावर नियंत्रण नाही. विद्यार्थी त्यांना हसतात."

आबांनी पेन खाली ठेवलं.

सर ताडकन उभे राहिले. "विद्यार्थी हसतात? कुणी शिकवलं हसायला? तुम्ही निवडलेली चिठ्ठी, तुम्ही दिलेला माइक. आधी बाईच्या अंगावर चिखल उडवायचा आणि मग लुगडं मळलंय म्हणून तिला दारातही उभं करायचं नाही? लाज वाटते का काही?"

"सर, शांत व्हा," प्राचार्य म्हणाले. "प्रश्न भाषेचाही आहे. शिक्षकाची भाषा शुद्ध नको का?"

त्यावर सरांनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. इतकी वर्षं आम्ही त्यांच्या तोंडून फक्त चोख मराठी आणि चोख इंग्रजी ऐकलेलं. त्यांनी एकदम घरची लेवा बोली धरली. "बरं. मंग माह्यी भाषा आयका. मी बी घरी असंच बोलतो. फैजपूरचा हाये मी. आता हासा न! काबरं हासत नही कोनी? मी बी गावचंच बोलू राह्यलो. हासा!"

कुणी हसलं नाही. प्राचार्य टेबलावरच्या कॅलेंडरकडं बघायला लागले.

"हासत नही, कारन माह्यी नोकरी पक्की हाये," सर म्हणाले. मग पुन्हा नेहमीच्या मराठीत आले. "तिची नाही. तुम्ही तिच्या बोलीला हसत नाही आबा. तिच्या कागदावरची सही तुमच्या हातात आहे, त्याला हसता."

मला वाटलं, संपलं. आता कोण काय बोलणार! पण उपप्राचार्यांनी शांतपणे खिशातून मोबाइल काढला, तो व्हिडिओ लावला आणि सरांच्या पुढ्यात सरकवला. बारीक आवाजात 'शे! शे!' ऐकू येत होतं. "बघा सर. मॅडम स्वतः हसताहेत. अगदी मनापासून. आता तुमचीच व्याख्या. ज्याची फिरकी घेतली तोही हसला, तर ते काय?" ते सरांकडं झुकले. "सांगा ना. स्टाफरूमच्या फळ्यावर आहे. टीझ. पहिली पायरी. चालेल." आबा खुदकन हसले.

सरांचा चेहरा पडला.  ते खाली बसले. तो व्हिडिओ त्यांनी स्वतः पुन्हा लावला आणि मॅडमचा चेहरा आला तिथं थांबवला.  मला इतका राग आला होता की त्या उपप्राचार्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती. एका माणसानं आयुष्यभर लोकांना वाचवायला जे बांधलं, त्याच्याच विटा काढून त्याच्या डोक्यात घालायच्या, आणि वर विजयी चेहऱ्यानं बसायचं!

"मॅडमना आत बोलवा," सर म्हणाले.

मॅडम आल्या. दाराशीच उभ्या राहिल्या. मी खुर्ची पुढं केली पण त्या बसल्या नाहीत. आबांसमोर आपला आदेश बिनसहीचा पडलेला त्यांना दिसला असणार.

सरांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही स्टेजवर हसलात. का हसलात?"

"गंमत होती सर ती," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "मला काही वाटलं नाही. पोरंच आहेत. माझी काहीच तक्रार नाही."

"बघा," उपप्राचार्य म्हणाले.

सर उठून त्यांच्यासमोर गेले. आवाज अगदी खाली आला होता. "मॅडम, मी तुमची साक्ष घेत नाहीये. मी पोरांना इतकी वर्षं शिकवत आलो की ज्याची चेष्टा होते तो हसला, तर ती चेष्टा साधी. मला आता वाटतंय मी चुकीचं शिकवलं. मला बरोबर काय ते कळायला हवं. तुमच्याशिवाय दुसरं कुणी सांगू शकणार नाही. घरी सांगाल तसं सांगा."

मॅडमनी आबांकडं पाहिलं, मग त्या कागदाकडं. त्यांच्या ओठांवर तेच व्हिडिओतलं हसू यायला लागलं होतं, आणि आता मला ते ओळखू आलं. मग ते मधेच थांबलं.

"नोकरी जाई म्हनीसन हासनू, सर," त्या म्हणाल्या. "दुसरं काय करू?"

 सरांनी डोळे मिटून घेतले. मला वाटतं त्या एका वाक्यानं त्यांना जेवढं लागलं तेवढं कुणाच्याच टोमण्यानं लागलं नसेल, कारण ते त्यांच्याच व्याख्येवर बसलं होतं. पण ते तसेच उभे राहिले, मॅडमच्या शेजारी, आबांकडं तोंड करून. मीही उठून उभी राहिले. का, ते मला सांगता येणार नाही. बसवेना, एवढंच.

आबा राजकारणातले मुरलेले. प्रसंग आपल्या अंगावर येतोय हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं. ते खुर्चीत मागं रेलले आणि मोठ्यानं हसले. "अहो मॅडम! काय तुम्ही पण! नोकरी कोण काढतंय तुमची? अहो, गंमत करत होतो आम्ही सरांची. सर चिडतात ना, म्हणून जरा. खरं वाटलं की काय तुम्हाला? अहो, हसा की आता!"

प्राचार्य लगेच हसले. उपप्राचार्यही हसले. सुटल्यासारखं हसणं होतं ते. मॅडमच्या गालांवर सवयीनं हालचाल झाली.

"मॅडम," सर समोर बघतच म्हणाले, "हसू नका."

मॅडम हसल्या नाहीत. आधी प्राचार्य थांबले, मग उपप्राचार्य. आबा थोडा वेळ एकटेच हसत राहिले. मग तेही थांबले, आणि टेबलावर पेन शोधायला लागले.